पुस्तक संपवायचं की बदलायचं?

सातारा असो की सांगली, वाचनालयाचा जुना सभासद घरातून निघताना "पुस्तक बदलून येतो" असंच सांगतो. पुस्तक पूर्ण वाचलं, अर्ध्यावर सोडलं की प्रस्तावनेतच अडकलं, हे काउंटरवर कुणी विचारत नाही. तारीख बघतात, कार्डावर नोंद होते आणि दुसरं पुस्तक हातात पडतं. किती संपवली याचा हिशेब अलीकडचा. जानेवारीत 'यंदा पन्नास' असा संकल्प सोडायचा, मोबाइलवर टक्के बघायचे आणि डिसेंबरात मागे पडलो म्हणून चुटपुट लावून घ्यायची.

वाचन नव्याने सुरू करणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पुस्तकांचा आकडा धरायचा, वेळ धरायची, किंवा काहीच न धरता हाताला लागेल ते वाचायचं. तिन्ही वाटांनी जाणारे चांगले वाचक आहेत. आमचा कौल बहुतेकांसाठी वेळेच्या बाजूने आहे, पण सरसकट नाही.

आधी आपला वेग मोजा

तीन वेगवेगळी पुस्तकं घ्या: एक कथासंग्रह, एक ललित लेखांचं आणि एक इतिहासाचं किंवा वैचारिक. प्रत्येक पुस्तक दहा मिनिटं, घाई न करता, नेहमीसारखं वाचा आणि किती पानं झाली ते लिहा. कथेच्या आणि वैचारिक पुस्तकाच्या वेगात दुपटीचा फरक पडला तर नवल वाटून घेऊ नका, तो पडतोच.

समजा सरासरी तासाला ३० पानं निघाली. रोज अर्धा तास वाचलं तर दिवसाला १५ आणि वर्षाला ५,४७५ पानं होतात. तीच पानं ११० पानांच्या लघुकादंबऱ्यांत घातली तर वर्षाअखेर जवळपास ५० पुस्तकं दिसतील, आणि ५५० पानांच्या जाडजूड कादंबऱ्यांत घातली तर जेमतेम १०. माणूस तोच, अर्धा तास तोच, डोळ्यांखालून गेलेली पानंही तेवढीच. तरी एकाच्या यादीत पन्नास आणि दुसऱ्याच्या यादीत दहा. पुस्तकांचा आकडा काय मोजतो हे यावरून लक्षात यावं.

आकडा धरून वाचणं

याचा फायदा खरा आहे. ज्याचं वाचन कॉलेजनंतर सुटलं आणि दहा-पंधरा वर्षांत एकही पुस्तक शेवटापर्यंत गेलं नाही, त्याला 'दिवाळीपर्यंत तीन' असा छोटा आकडा हात देतो. तीन पुस्तकं संपली की 'आपल्याला जमतं' हा विश्वास परत येतो. तेवढ्यापुरता आकडा जरूर वापरावा. मात्र मुदत तीन-चार महिन्यांची असावी आणि आकडा एका हाताच्या बोटांवर मावावा.

बिघडतं ते वर्षाचा मोठा आकडा ठरवल्यावर. पहिला परिणाम कपाटासमोरच दिसतो. हात आपोआप बारक्या पुस्तकाकडे जातो. जाड चरित्र 'पुढच्या वर्षी' म्हणून राहतं आणि ते पुढचं वर्ष काही येत नाही. दुसरा परिणाम पानावर दिसतो. निसर्गवर्णन, बोलीतले संवाद, तळटीपा यांवरून नजर घसरायला लागते, कारण आकड्याला त्यांचा उपयोग नसतो. मराठी ग्रामीण कादंबरीत तर सगळा जीव बोलीतच असतो. तिथे वाक्य मनात उच्चारून वाचावं लागतं, म्हणजे वेग निम्म्यावर आलाच पाहिजे. तो येऊ दिला नाही, तर हातात फक्त गोष्ट उरते. तिसरं नुकसान सगळ्यांत मोठं: पुन्हा वाचणं बंद होतं. आवडलेलं पुस्तक दुसऱ्यांदा घेतलं तर यादीत भर पडत नाही ना!

ऑडिओ पुस्तकांतही हीच ओढ शिरते. दीडपट वेगाने ऐकलं की लवकर संपतं, पण चांगल्या वाचिक अभिनयातले थांबे त्या वेगात चिरडले जातात. सांगली-पुणे एसटीत ऐकायला बसलात तर मूळ वेगानेच ऐका. वेळ भरपूर असतो.

वेळ धरून वाचणं

ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सज्जनगडच्या या मुलखात दासबोध वाचणारे दोन प्रकारचे भेटतात. कुणी सप्ताहाचं पारायण करतं. ग्रंथात २० दशक, २०० समास आणि ७,७५१ ओव्या आहेत, म्हणजे सात दिवसांत संपवायचा तर दिवसाला ११०० हून अधिक ओव्या होतात. कुणी रोज एक समास वाचतं. एका समासात सरासरी चाळीसेक ओव्या, निवांत वाचायला फार वेळ लागत नाही, आणि दोनशे दिवसांनी ग्रंथ पुन्हा पहिल्या समासावर येतो. पारायणाचं मोल वेगळं आहे, ते व्रत आहे. पण वाचनाची गोडी मुरायची असेल तर रोजच्या समासाची रीत सरस. ग्रंथ कितव्यांदा चालला आहे, याला तिथे महत्त्वच उरत नाही.

हीच रीत कथा-कादंबरीला लावायची असेल तर अशी लावावी. वीस मिनिटं पुरेत. घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ती जोडा: संध्याकाळच्या चहानंतर, किंवा मुलं शिकवणीला गेल्यावर. अंथरुणावर पडल्यावरची वेळ मात्र फसवी असते. तीन पानांत डोळा लागतो, दुसऱ्या दिवशी तीच तीन पानं पुन्हा वाचावी लागतात आणि पुस्तक कंटाळवाणं आहे असा गैरसमज होतो. दोष पुस्तकाचा नसतो, वेळेचा असतो.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उपडा करून शेजारी ठेवला तरी हात जातोच. पुस्तक कपाटात परत ठेवू नका, चहाच्या टेबलावर किंवा झोपाळ्यावर दिसेल असं राहू द्या. आणि प्रकरण संपेपर्यंत ओढत बसण्यापेक्षा पुढे काय होणार हे जरा कळलेलं असेल अशा जागी थांबा. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायला मन आपसूक तयार असतं.

या वाटेवरचा खड्डा म्हणजे 'एकही दिवस चुकवायचा नाही' हा हट्ट. तो धरला की वेळही आकड्यासारखीच छळते. शेतीचं पाणी रात्रीचं आलं, कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी बदलली, घरात गौरी-गणपती आले की दिवस चुकणारच. एक चुकला की 'आता मोडलंच' म्हणून पंधरा दिवस जातात. म्हणून हिशेब दिवसाचा न धरता आठवड्याचा धरावा: सात दिवसांत पाच वेळा बसणं झालं की आठवडा पुरा. लग्नसराईत आणि सणात तेही सोडून द्या.

मोकळं वाचन

काहीच न धरणारा वाचक सगळ्यांत सुखी दिसतो आणि बऱ्याचदा असतोही. तीन-चार पुस्तकं उघडी, मनाला येईल ते घ्यायचं. या पद्धतीला काही प्रकारचं साहित्य जणू ठरवून लिहिल्यासारखं जुळतं: कविता, ललित लेख, पत्रं, दिवाळी अंक. अनेक वाचनालयांत दिवाळीनंतर ठरावीक रक्कम भरून काही महिने अंक बदलून नेण्याची योजना असते. मोकळं वाचन आपल्याला मानवतं का, हे तपासायला याहून चांगली जागा नाही. अंकातली एक कथा, एक लेख वाचायचा, बाकीचं सोडायचं आणि अंक परत करायचा. दिवाळी अंक पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलाच पाहिजे असं कुणालाच वाटत नाही. तीच मोकळीक पुस्तकांनाही द्या.

विश्वकोशही याच जातीचा. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सातारा जिल्ह्यातच, वाईत बसून उभं केलं. वीस खंड झाले, आज ते संगणकावर आणि मोबाइलवरही वाचता येतात. 'हळद' बघायला गेलेला माणूस तिथून तिसऱ्याच नोंदीवर पोहोचतो. दहा मिनिटांचं असं भटकणं हेही पुरेपूर वाचनच आहे.

मोकळं वाचन हमखास फसतं ते लांबलचक कादंबरीत. आठ-दहा दिवसांची खंड पडली की माणसं विसरतात. त्यातून आपल्याकडे एकाच माणसाला पाळण्यातलं नाव, टोपणनाव आणि नात्याची हाक अशी तीन नावं. पान ९० वरचे आबा म्हणजेच पान २० वरचे पाटील, हे लक्षात न आल्यामुळे कितीतरी चांगल्या कादंबऱ्या परत गेल्या असतील. उपाय सोपा आहे. खुणेसाठी पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि त्यावर मुख्य पाच-सहा माणसं, त्यांची नाती आणि सगळी नावं लिहून ठेवा. शिवाय एका वेळी कादंबरी एकच उघडी ठेवा. बाकी पुस्तकं कितीही असू देत.

दुसरा धोका असा की मोकळेपणाच्या नावाखाली वाचनच हळूहळू बंद पडतं आणि ती जागा मोबाइल घेतो. महिनाभर पुस्तक उघडलं गेलं नसेल तर वीस मिनिटांच्या रीतीवर परत यावं. त्यात कमीपणा नाही.

सोडायचं कधी?

अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम वाचकांत बराच रुळला आहे. पन्नास पानं वाचा, नाही रुचलं तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढी पानं द्या. साठीच्या माणसाने चाळीस, सत्तरीच्या माणसाने तीस. मराठी पुस्तकांसाठी त्यात एक दुरुस्ती हवी: प्रस्तावना मोजू नका. आपल्याकडे दुसऱ्याने लिहिलेली लांबलचक प्रस्तावना कधी कधी वीस-तीस पानं खाते आणि कथानकही आधीच फोडून टाकते. ती शेवटी वाचावी.

वाचनालयातलं पुस्तक घेण्याआधी एक तपासणी करता येते. पुस्तक मिटून, पानं उघडतात ती कड उजेडाकडे धरा. बोटांच्या मळाने तिथे करडी पट्टी उमटलेली असते. काही पुस्तकांत ती पहिल्या साठ-सत्तर पानांपुरतीच काळपट दिसते, पुढचा कागद जुना होऊन पिवळा पडलेला पण स्वच्छ. तुमच्याआधीचे बरेच जण तिथूनच परतले आहेत! पुस्तक वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. सुरुवात जड आहे एवढंच समजायचं आणि पहिल्या दोन बैठका जरा मोठ्या ठेवायच्या. पट्टी शेवटपर्यंत एकसारखी असेल तर पुस्तक ओढून नेणारं आहे. सोबत तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी बघा. जवळजवळच्या तारखा आणि पूर्ण मळलेली कड हा जोडीचा पुरावा सहसा चुकत नाही. कपाटं सभासदांना खुली असलेल्या मुक्तद्वार वाचनालयात हे सहज जमतं. यादी बघून चिठ्ठी देण्याची पद्धत असेल तर काउंटरवर दोन पुस्तकं मागवून त्यातलं एक निवडा.

सोडण्याची सवय लावायची तर आधी वाचनालय आणि नंतर खरेदी हा क्रम बरा. चारशे रुपये मोजून आणलेलं पुस्तक सोडताना पैसे वाया गेले असं वाटतं आणि माणूस ते रेटत राहतो. वाचनालयाचं पुस्तक वाचून झाल्यावर 'हे पुन्हा लागणार' असं वाटलं, तेच विकत घ्यावं. घरातलं कपाट लहान राहतं, पण त्यातलं प्रत्येक पुस्तक परत उघडलं जातं.

मुलांच्या बाबतीत

इथे आकडा नकोच, हे आम्ही ठामपणे सांगू. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आला की 'कुणी किती वाचली' याच्या याद्या होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. हेतू चांगलाच असतो. पण १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग पालकांनी लक्षात ठेवावा. चित्रं काढायला आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र' असं आधी सांगितलं होतं. काही दिवसांनी बक्षिसाशिवाय तेच रंग समोर ठेवले, तेव्हा या मुलांनी चित्रांना इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. ज्यांना न सांगता बक्षीस मिळालं होतं, त्यांचा रस कमी झाला नाही. म्हणून मुलाला पुस्तक जरूर भेट द्या, पण 'दहा वाचलीस तर' अशी अट घालू नका. एकच पुस्तक पंधरा वेळा वाचून घेणाऱ्या मुलालाही अडवू नका.

ठरत नसेल तर भिलारला एक दिवस

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य; तिथेच बसून वाचायची. एका दिवसात मोठं पुस्तक संपणार नाही हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे आपला स्वभाव तिथे लवकर कळतो. सकाळी एका घरात दोन तास एकच पुस्तक वाचा. दुपारनंतर तीन घरं फिरा आणि प्रत्येक ठिकाणी फक्त एखादी कथा किंवा चार-पाच कविता वाचा. संध्याकाळी सकाळच्या पुस्तकातलं जास्त आठवत असेल तर वेळ धरून, एका पुस्तकासोबत राहणं तुम्हाला मानवेल. दुपारचं आठवत असेल तर मोकळं वाचन. जाताना छोटी वही न्या आणि अर्धवट राहिलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि पान क्रमांक टिपून आणा. म्हणजे घरी आल्यावर वाचनालयात तेच पुस्तक मागता येतं. ऐन पावसाळ्यात जाऊ नका. धुकं आणि पाऊस इतका असतो की घराघरांत फिरणं होत नाही, आणि ओल्या हातांनी पुस्तक धरायचं नसतं.