कीटकांपासून बचावाचा संच: आठ महिने वापरून पिशवीत काय उरलं

संच तसा नेहमीचाच. डास पळवणारी दोन औषधं, म्हणजे २० टक्के पिकारिडिनचं १०० मिलीचं लोशन आणि ३० टक्के डीटचा स्प्रे, कपड्यांवर मारायचं ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, एका माणसाची मच्छरदाणी, टोकदार चिमटा, दंशावर टेकवायचं गरम पेन, खाजेवरच्या १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलमाची ट्यूब आणि अॅलर्जीवरच्या सेटिरिझिनच्या गोळ्या. सोबत मनगटाला बांधायचे सुगंधी पट्टे आणि अल्ट्रासॉनिक आवाजाची एक डबी. तंबूतले मुक्काम, नदीकाठ, उंच गवत आणि दाट झाडी अशा वापरानंतर निकाल थोडक्यात असा: सगळ्यात जास्त काम कपड्यांनी केलं. लोशनने उरलेल्या जागा सांभाळल्या. पट्टे आणि डबी पहिल्या महिन्यातच पिशवीबाहेर गेली. पट्टा बांधलेल्या मनगटाच्या चार बोटं वर डास खुशाल बसतो आणि त्या डबीच्या आवाजाची डासांना फिकीर नसते.

आधी कपडे. पूर्ण बाह्या आणि फुलपँट हे सगळेच सांगतात, पण पँट कोणती हे कुणी सांगत नाही. अंगाला चिकटलेल्या ताणाच्या लेगिंगमधून डासाची सोंड सहज आरपार जाते, कारण कापड त्वचेला टेकलेलं असतं आणि ताणल्यामुळे विणीची भोकं मोठी झालेली असतात. सैल, घट्ट विणीची, फिकट रंगाची पँट हवी. सैल म्हणजे कापड आणि कातडी यांच्यात मोकळी जागा राहील इतकी. फिकट रंगाचा दुसरा फायदा गोचिडीच्या बाबतीत कळतो: खाकी किंवा पांढुरक्या कापडावर खसखशीएवढा ठिपका सरकताना दिसतो, काळ्यावर दिसत नाही. पँटचे पाय मोज्यात खोचायचे. ध्यान दिसतं, पण गोचीड उडत नाही आणि उड्याही मारत नाही. ती गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते, घसटून जाणाऱ्याला धरते आणि मग वर चढत राहते. वाट बंद केली की ती कापडावरच राहते.

त्यावर पर्मेथ्रिन. एका जोडीला, म्हणजे शर्ट, पँट आणि मोजे मिळून, सुमारे १५० मिली लागतं. यात सगळ्यात जास्त चूक होते ती काटकसरीची. दोन-चार फवारे मारून काम भागत नाही. कापड ओलसर दिसेपर्यंत मारायचं. कपडे उघड्यावर टांगायचे, वाऱ्याकडे पाठ करायची, वीतभर अंतरावरून सावकाश फवारायचं आणि पुढची बाजू झाली की मागची. पायाची घडी, बाह्यांची टोकं आणि मोज्यांची वरची पट्टी यांना दोनदा. मग किमान दोन तास वाळू द्यायचं. हवा दमट असेल तर चार. ओलं असताना अंगात घालायचं नाही आणि त्वचेवर तर कधीच मारायचं नाही, त्वचेवर ते टिकतही नाही. घरात मांजर असेल तर कपडे कोरडे होईपर्यंत तिला जवळ फिरकू द्यायचं नाही, तिच्या शरीराला हे औषध मोडता येत नाही. मासे आणि मधमाश्या यांनाही ते घातक आहे, म्हणून ओढ्याच्या काठी फवारणी नको आणि उरलेलं औषध पाण्यात ओतणं तर नकोच.

एकदा वाळलं की सहा आठवडे किंवा सहा धुण्या, जे आधी होईल ते. उन्हाने असर लवकर जातो, म्हणून वापर नसताना कपडे काळ्या पिशवीत ठेवायचे. हा हिशेब डोक्यात राहत नाही. पँटच्या आतल्या लेबलावर पक्क्या शाईने तारीख आणि प्रत्येक धुण्याला एक रेघ, हा उपाय बाळबोध वाटतो पण चालतो.

लोशनबद्दलची बहुतेक गाऱ्हाणी प्रमाणाची असतात. मनगटापासून कोपरापर्यंतच्या एका हाताला साधारण १ मिली लागतं. गुडघ्याखालच्या उघड्या पायाला त्याच्या दुप्पट. मान, कान आणि चेहरा मिळून आणखी १ मिली. म्हणजे अर्धी चड्डी आणि अर्ध्या बाह्या असल्या तर एका वेळेला सुमारे ७ मिली जातं आणि १०० मिलीची बाटली चौदा वेळांत संपते. अंग झाकलेलं असेल तर हाताची पाठ, मान, कान आणि घोटे एवढ्यावर २-३ मिलीत भागतं. बहुतेक लोक नेमके उलट वागतात: अंग उघडं आणि लोशन वाटाण्याएवढं. शिवाय लोशनला उदबत्तीसारखा घमघमाट पसरून काम करता येत नाही. लावलं तेवढ्याच जागेचं रक्षण, बोटभर जागा सुटली तर डास तिथेच बसतो. सुटणाऱ्या जागा ठरलेल्या: कानाच्या पाळीमागे, घोट्याचं हाड, घड्याळाच्या पट्ट्याची कड, मानेवरची केसांची रेघ आणि पावलांचा वरचा भाग.

पिकारिडिन की डीट? दोन्ही कामाची आहेत. २० टक्के पिकारिडिन शांत बसून सात-आठ तास चालतं, घाम येत असेल तर चार-पाच तासांनी पुन्हा लावावं लागतं. डीटमध्ये टक्का वाढला की वेळ वाढते, जोर नाही. १० टक्के दोनेक तास, ३० टक्के पाच-सहा तास आणि ५० टक्क्यांच्या पुढे फारसा फरक पडत नाही. डीटचं दुखणं वेगळं आहे: ते प्लॅस्टिक विरघळवतं. डीट लागलेल्या बोटांनी चष्मा धरला की काचेवर धुरकट ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. घड्याळाचा पट्टा चिकट होतो, टॉर्चच्या मुठीवरचं रबर बुळबुळीत होतं, ताणाच्या कापडाची लवचीकता जाते. सूत आणि लोकर यांना काही होत नाही. ज्याच्या गळ्यात दुर्बीण किंवा कॅमेरा असतो त्याने पिकारिडिनच घ्यावं, वाद संपला. निलगिरीच्या लिंबूवासाच्या जातीपासून काढलेलं पीएमडी ३० टक्क्यांचं असेल तर तेही बरं चालतं, मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावत नाहीत. नुसतं सिट्रोनेला तेल तासाभरात उडून जातं.

ऊन असेल तर आधी सनस्क्रीन, ती पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायची, मग वरून लोशन. उलट केलं तर दोन्ही वाया. दोन्ही एकत्र असलेली बाटली घेऊ नये, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लागते आणि डासांचं औषध तेवढ्या वेळा लावायचं नसतं. डीटमुळे सनस्क्रीनचा असर काही प्रमाणात उतरतो, म्हणून टोपी हवीच. चेहऱ्यावर थेट फवारा नको. तळव्यावर घेऊन चोळायचं, डोळे आणि ओठ सोडून. मुलांना मोठ्यांनी लावून द्यायचं, तेही त्यांच्या तळहातांना न लावता, कारण हात लगेच तोंडात जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावत नाहीत, त्याच्या गाडीवर जाळी टाकतात. झोपण्याआधी साबणाने धुऊन टाकायचं, नाहीतर अंथरूण आणि प्लॅस्टिकची उशी दोन्ही खराब.

मच्छरदाणीचं एवढंच. दर चौरस इंचाला १५६ छिद्रांची जाळी डास अडवते, पण वालुमाशी आणि चिलटं त्यातून गाळल्यासारखी आत येतात. त्यांच्यासाठी पर्मेथ्रिन लावलेली किंवा आणखी बारीक जाळी लागते. जाळी अंथरुणाखाली खोचायची, नुसती लोंबती सोडायची नाही. झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला की डास बाहेरूनच सोंड घालतो. सकाळी कोपरावर ओळीने पाच-सहा गांधी उठलेल्या दिसल्या तर भोक शोधत बसू नये, जाळी रुंद बांधावी. उघड्या ओसरीत पंखा फार कामाचा आहे. डास अशक्त उडणारा जीव, वाऱ्याच्या झोतात त्याला उतरता येत नाही आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड विखुरल्यामुळे माग काढणंही जमत नाही. मच्छर अगरबत्ती तंबूच्या आत लावू नये, धूर आणि आग दोन्हींची भीती.

आता चावल्यावर. डास चावला की खाज येते ती त्याच्या लाळेमुळे. साबणाने धुवायचं, ओल्या थंड फडक्याने दहा मिनिटं दाबायचं आणि नख लावायचं नाही. गरम पेन साधारण ५१ अंशांपर्यंत तापतं आणि तीन ते सहा सेकंद टेकवायचं असतं. दंशानंतर लगेच वापरलं तर खाज खरंच बसते, तासाभराने वापरलं तर निम्माच आराम. बॅटरी उतरली की ते कोमट होतं आणि काहीच करत नाही, ही त्याची मोठी उणीव. पेन नाही म्हणून तापवलेला चमचा टेकवणारे असतात. चमच्याला तापमान माहीत नसतं, त्यामुळे खाजेच्या जागी भाजल्याचा फोड येतो. हायड्रोकॉर्टिझोन दिवसातून दोनदा, पातळ थर, चार-पाच दिवसांपुरतं आणि फाटलेल्या त्वचेवर नाही. ज्यांच्या अंगावर मोठाल्या गांधी उठतात त्या मोठ्या माणसांना १० मिलिग्रॅम सेटिरिझिनचा चांगला उपयोग होतो, मात्र झोप येते, गाडी चालवायची असेल तर नको. विष ओढणारा सक्शन पंप घेऊ नये, तो कातडीवर गोल काळानिळा डाग सोडण्यापलीकडे काही करत नाही.

चिमटा मात्र टोकदारच हवा. भुवयांचा सपाट चिमटा गोचिडीचं पोट दाबतो आणि आतलं सगळं जखमेत जातं. टोकं त्वचेला समांतर टेकवून तोंडाजवळ धरायचं, न पिळता, न झटकता सरळ वर एकसारखं ओढायचं. कातडी तंबूसारखी थोडी उचलली जाते, तिथे थांबायचं. काही क्षणांत पकड सुटते. घाई केली की तोंडाचा तुकडा आत राहतो. तो चिमट्याने सहज निघाला तर ठीक, नाहीतर टोकरत बसू नये, त्वचा त्याला आपणच बाहेर टाकते. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी यांतलं काहीही नको. गुदमरलेली गोचीड जास्त लाळ सोडते. मग साबणाने किंवा स्पिरिटने जागा पुसायची आणि गोचीड चिकटपट्टीत बंद करायची, नखाने चिरडायची नाही.

फिरून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ आणि तपासणी. जागा ठरलेल्या आहेत: काख, जांघ, गुडघ्यामागची खळी, बेंबी, कंबरपट्ट्याची रेघ, कानामागे, डोक्यात. गार पाण्याने धुतलेल्या कपड्यांत गोचीड जिवंत राहते; पाणी ५४ अंशांहून गरम लागतं किंवा कोरडे कपडे ड्रायरच्या कडक उष्णतेत दहा मिनिटं. गोचीड काढल्याची तारीख लिहून ठेवायची. पुढच्या तीस दिवसांत ताप, अंगदुखी किंवा पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना तारखेसकट सांगायचं. मोज्याच्या इलॅस्टिकखाली किंवा कमरेला सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली आणि सोबत ताप, असं दिसलं तर स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचा विचार होतो, तो गोचिडीच्या कुळातल्या बारीक माइटच्या पिल्लांपासून होतो. तिथे वाट पाहायची नाही.

मधमाशीची नांगी दिसताक्षणी काढायची, खरवडून की चिमटीत धरून हा वाद निरर्थक आहे. विषाची पिशवी मिनिटभराच्या आत रिकामी होते. गांधीलमाशी नांगी सोडत नाही आणि पुन्हा डसते, म्हणून आधी तिथून दूर व्हावं. ओठ-जीभ सुजणं, श्वास घरघरणं, चक्कर यांतलं काही झालं तर सेटिरिझिनवर विसंबू नये. अॅड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि लगेच दवाखाना.

एक न चावणारा उपद्रवही आहे. पेडेरस नावाचा नारिंगी-काळा, तांदळाच्या दाण्याएवढा लांबट किडा दिव्याकडे येतो आणि मानेवर उतरतो. तो चावत नाही; आपण चापट मारतो तेव्हा त्याच्या अंगातलं पेडेरिन हे दाहक द्रव्य फासलं जातं आणि दीड-दोन दिवसांत लाल, फोडांची रेघ उमटते. फुंकर मारायची किंवा कागदावर घ्यायचं, आणि चुकून चिरडला तर लगेच साबणाने धुवायचं. त्या हाताने डोळा चोळणं सगळ्यात वाईट.

दंशाच्या भोवतीची लाली पहिल्या दिवशी असतेच. तिसऱ्या दिवशीही ती वाढत असेल, जागा गरम आणि दुखरी असेल किंवा जांघेत-काखेत अवधाण आलं असेल तर लिहायच्या पेनने लालीची कड आखून ठेवायची. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर ते खाजेचं मलम नव्हे, डॉक्टरांचं काम आहे.

पुढच्या खेपेला पिशवीत डीट नाही, पिकारिडिनच्या ५० मिलीच्या दोन बाटल्या आहेत, गरम पेनसाठी एक सुटी बॅटरी आहे आणि चिमट्याच्या टोकांवर झाकण बसवलेलं आहे. झाकण नसलं की टोकं पिशवीत वाकतात, आणि वाकलेल्या टोकांच्या चिमट्याने खसखशीएवढी गोचीड धरता येत नाही.