शेवाळ गाळणी + सोलर ड्रायर सेट : स्पिरुलिनावाल्यांनी घ्या, डिझेलवाल्यांनी जरा थांबा

आमच्या कॉलेजच्या फायनल इयरच्या पोरांना शेवाळापासून बायोडिझेल करायचं होतं म्हणून डिपार्टमेंटनं हा सेट मागवला, आता उन्हाळा पावसाळा दोन्ही बघून झालाय तर लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही, असले सेट बनवणारे बरेच आहेत. सेटमध्ये येतं काय, तर एक छोटी मोटर, तिरक्या फ्रेमवर ताणलेलं नायलॉनचं बारीक जाळीचं कापड, स्क्रूचा हातप्रेस आणि पॉलीकार्बोनेटच्या पेटीतला ट्रे ड्रायर, त्यात पंखा आणि ढगाळ दिवसासाठी 1 किलोवॅटचा हीटर.

आधी चांगलं सांगतो. स्पिरुलिना (पावडर करून खातात ते निळं-हिरवं शेवाळ) असेल तर गाळणी मस्त चालते. त्याचे स्प्रिंगसारखे लांब धागे असतात, 40 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीवर आरामात अडकतात, पाणी खाली टाकीत परत आणि वर हिरवी साय. फक्त सोबत दिलेली मोटर वापरू नका, पंप त्या धाग्यांचे तुकडे करतो आणि तुकडे जाळीतून निसटतात, त्यापेक्षा टाकी उंचावर ठेवून कॉक उघडून नुसतं उतारानं सोडलं की काम होतं आणि वीजही लागत नाही. प्रेस पण दणकट आहे. दाबून निघालेला लगदा सोऱ्यात घालून शेवेसारखा ट्रेवर पाडायचा, सपाट थापलात तर वरून कातडं धरतं आणि आत ओलं राहतं, मग दुसऱ्या दिवशी पेटी उघडल्यावर जो वास येतो तो विचारू नका. शेव पाडली की मार्च एप्रिलच्या आमच्या सांगलीच्या उन्हात एका दिवसात कडकडीत. तापमान 60 च्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर निळा रंग उडतो, त्यासाठी झाकणाची झडप कमीजास्त करता येते, हे डोकं लावून केलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'बायोफ्युएल रेडी' लिहिलंय. पण स्पिरुलिनात तेल असतं किती, 6-7 टक्के, बाकी निम्म्याहून जास्त प्रोटीन! डिझेल काढायचं तर क्लोरेलासारखं शेवाळ लागतं, त्यात 20 टक्क्यांच्या आसपास तेल धरता येतं, नायट्रोजन तोडून उपाशी ठेवलं तर अजून वाढतं. आणि क्लोरेलाची पेशी असते 2 ते 10 मायक्रॉनची. म्हणजे जे शेवाळ या कापडावर अडकतं त्यात तेल नाही आणि ज्यात तेल आहे ते कापडातून सरळ खाली. आम्ही क्लोरेलाचं पाणी ओतलं, जेवढं हिरवं वरून तेवढंच हिरवं खालून. सप्लायरला फोन केला तर म्हणे सर अजून बारीक कापड पाठवतो, ते दोन मिनिटांत चोक झालं.

मग तुरटी घातली. क्लोरेलाच्या पेशींवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून त्या एकमेकींपासून लांब तरंगत राहतात, तुरटीनं तो मोडला की गठ्ठे होऊन तळाशी बसतात. चुन्यानं पीएच 11 च्या आसपास नेला तरी बसतात. गठ्ठे झाल्यावर हेच कापड छान चाललं, पण मग तो चुना नाहीतर तुरटीतलं ॲल्युमिनियम मालातच राहतं आणि राखेचं प्रमाण वाढतं. स्वच्छ माल हवा असेल तर सेंट्रीफ्यूज (गरगर फिरवून पाणी वेगळं करणारं मशीन), आणि त्याचं वीजबिल बघून हेड ऑफ डिपार्टमेंट बोलावून घेतात.

ड्रायरचा हिशोब तर पोरांनी फळ्यावरच मांडला. उघड्या टाकीत लिटरला साधारण अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ असतं, म्हणजे 1000 लिटरमागे अर्धा किलो. गाळून दाबून अडीच किलो लगदा उरला असं धरा. 997 लिटरच्या वर पाणी गाळणीनं जवळपास फुकटात काढलं, पण उरलेलं 2 लिटर वाफ करूनच घालवावं लागतं, त्याला पूर्ण कार्यक्षमता धरली तरी सव्वा युनिटच्या वर वीज, हीटरच्या पेटीत प्रत्यक्षात दुप्पट तरी धरा. आणि त्या अर्ध्या किलोतून तेल मिळणार 100 ग्रॅम, त्याची सगळी ऊर्जा मिळून जेमतेम एक युनिट. म्हणजे हीटर लावला की धंदा तिथंच बसला. ऊन फुकट आहे म्हणून सोलर, बरोबर, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही पेटी नुसती ओली भट्टी होते, आणि लगदा हळूहळू वाळला की आतलं तेल फुटून फ्री फॅटी ॲसिड होतं, पुढं तेलाचं डिझेल करायला कॉस्टिक सोडा घातला की डिझेलऐवजी साबण. आमच्याकडं झालाय, हात स्वच्छ निघाले!

हा दोष एकट्या या सेटचा नाही. अमेरिकेत सरकारनं 1978 ते 1996 शेवाळ-डिझेलवर संशोधन चालवलं आणि खर्च बसत नाही म्हणून गुंडाळलं, एक्सॉनमोबिलनं 2009 ला हात घातला आणि 2023 पर्यंत काढूनही घेतला. आता बरेच जण लगदा वाळवायचाच नाही, ओलाच 300 अंशाच्या पुढं दाबाखाली शिजवून कच्चं तेल काढायचं या बाजूला गेलेत, ते मला जास्त पटतं. पण ते कॉलेजच्या शेडमध्ये करायचं काम नाही, प्रेशर व्हेसल आहे बाबांनो.

सर्व्हिस बरी. पंखा जळला तेव्हा बदलून दिला, कुरिअरचे पैसे मात्र आपले. कापडाची किंमत ऐकून चाट पडलो, तेच कापड स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात मीटरवर मिळतं, तिथून घ्या.

स्पिरुलिनाची पावडर करून विकणार असाल तर चार स्टार. बायोडिझेलसाठी एक, तोही प्रेसचा. आणि ऑर्डर देताना ट्रे स्टेनलेसचेच मागा, स्पिरुलिनाचं पाणी सोडा-मिठाचं असतं, आमचे साधे ट्रे पहिल्याच पावसाळ्यात गंजले.