लॅपची शर्यत की मॅरेथॉन: दम राखायला कुठे लवकर शिकाल?

माउंटन बाइकची पहिली शर्यत निवडताना बहुतेक जण आधी अंतर बघतात. इतकं झेपेल, तितकं नाही झेपणार, एवढ्यावर नाव नोंदवून मोकळे होतात. अंतर सरावाने वाढवता येतं. पण जोर कुठे लावायचा आणि कुठे आवरायचा, म्हणजेच पेसिंग, हे शर्यतीतच अंगात मुरतं, आणि लॅपची शर्यत नि मॅरेथॉन या दोन्ही प्रकारांत ते फार वेगवेगळ्या रीतीने शिकायला मिळतं. नवख्याने लॅपच्या शर्यतीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. तरीही काहींसाठी मॅरेथॉनच बरी.

लॅपची शर्यत म्हणजे क्रॉस-कंट्री. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. साधारण ४ ते ६ किलोमीटरची लॅप, म्हणजे तीच फेरी, पुन्हा पुन्हा मारायची. अव्वल खेळाडूंची शर्यत दीड तासाच्या आसपास संपते. मॅरेथॉनमध्ये ६० किलोमीटरपासून पुढे कितीही, बहुधा एकच मोठी फेरी, आणि सायकलवर चार-सहा तास सहज जातात.

फरक सुरुवातीलाच जाणवतो. लॅपच्या शर्यतीत इशारा झाला की सगळे जीव तोडून सुटतात, आणि त्याला कारण आहे. रुंद रस्ता लवकरच संपतो आणि एकामागे एक जाण्यापुरती अरुंद वाट, म्हणजे सिंगलट्रॅक, सुरू होते. तिथे मागे सापडलात आणि पुढच्याने एखाद्या मुळापाशी पाय टेकला, की तुम्हालाही उतरावं लागतं. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं आवाक्याबाहेरचा जोर लावणं भागच असतं. कसब पुढे आहे: तो उसना घेतलेला दम फेडायचा कुठे? पहिल्या चढावर थोडी माघार घेऊन श्वास ताळ्यावर आणणारा तिसऱ्या लॅपला पुढे सरकतो; पुढच्याचं चाक सोडायचंच नाही म्हणून ताणत राहिलेला तिथेच ढेपाळतो.

मॅरेथॉनमध्ये अशी सुरुवात घात करते. पहिला मोठा चढ गर्दी आपोआप पांगवतो, त्यामुळे जागेसाठी धडपडण्यात फारसा फायदा नसतो. पहिला तास ‘हे फारच सोपं चाललंय’ असं वाटलं पाहिजे. चढावर चार-पाच शब्दांचं वाक्य न अडखळता बोलता येत नसेल, तर तुम्ही नको इतका जोर लावताय.

आता लॅपची बाजू मी का घेतो ते सांगतो. तोच चढ, तेच वळण, तोच दगड पाच-सहा वेळा समोर येतो. दुसऱ्या लॅपला जो चढ तुम्ही तीन गिअर राखून चढलात, तिथेच पाचव्या लॅपला सगळ्यात हलका गिअर शोधत असाल, तर हिशेब कुठे चुकला हे जागेवर कळतं. घरी येऊन लॅपच्या वेळा मांडा. पहिली लॅप मात्र धरू नका. तिच्यात सुटण्याची घाई, गर्दी आणि बऱ्याचदा वेगळी सुरुवातीची फेरीही असते. दुसरी आणि शेवटची लॅप शेजारी ठेवा.

मॅरेथॉनमध्ये चूक पहिल्या तासात होते आणि कळते तिसऱ्या तासाला. तेव्हा पायांत गोळे आलेले असतात, आणि ते जोरामुळे, उन्हामुळे की खाणं चुकल्यामुळे, हे सांगता येत नाही. लांब शर्यतीत खाणं हा पेसिंगचाच भाग आहे. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, आणि छाती फुटेस्तोवर दामटत असाल तर ती पचत नाहीत.

दमलेल्या माणसाची परीक्षा उतारावर होते. धाप लागलेली असताना नजर पुढच्या चाकापाशी येऊन थांबते, बोटं ब्रेकवर आवळली जातात, वळणात सायकल जवळजवळ थांबते आणि मग पुन्हा उभं राहून वेग घ्यावा लागतो. चढावर मिळवलेले सेकंद तिथे जातात. उतार अवघड असेल तर माथ्याच्या जरा आधी जोर कमी करून दोन खोल श्वास घ्यावेत. सोपा असेल तर उलट करावं: बाकीचे माथ्यावर सुटकेचा श्वास टाकतात, तिथे आणखी दहा-पंधरा सेकंद पेडल मारत राहावं.

चढावर जास्त जोर, सपाटीला कमी, हे दोन्हीकडे लागू आहे. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाटीवरचा जादा जोर हवाच खाते, चढावर तो वेळेत उतरतो.

उपकरणांचं थोडक्यात. लॅपच्या शर्यतीत हृदयगती बहुतेक वेळ कमाल गतीच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि आकडा जोरामागून उशिरा हलतो, त्यामुळे तो बघून फार काही हाती लागत नाही. पॉवर मीटरचा, म्हणजे पेडलवरचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा सिंगलट्रॅकवर शून्य आणि शिखर यांच्यात उड्या मारतो. तिथे श्वासच खरा मापक. मॅरेथॉनच्या लांब चढावर मात्र पॉवर मीटरसारखा सोबती नाही. हृदयगती तिथेही सांभाळून वाचावी; काही तासांनी उष्म्याने ती त्याच जोराला वर सरकते.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं चाक पंक्चर झालं आणि तो अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला. ते अंतर त्याने एका दमात भरायला न जाता लॅपमागून लॅप कमी केलं आणि शेवटच्या लॅपमध्ये सुवर्ण खेचून घेतलं. वेळ वाटून कसा परत मिळवायचा, हे बघायला ती शर्यत जरूर बघा.

मॅरेथॉन कोणी आधी घ्यावी? ज्याला दगड-मुळांचे उतार अजून धास्तीचे वाटतात, ज्याला सुरुवातीची झटापट नको आहे, किंवा ज्याचा पाया लांब राइड्सचा आहे त्याने. वेळेची मर्यादा तेवढी आधी वाचा. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातली लेडव्हिल १०० ही शंभर मैलांची शर्यत तीन हजार मीटरहून उंचावर सुरू होते आणि तिला बारा तासांची मर्यादा आहे. लॅपच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतही फार मागे पडणाऱ्याला मधूनच बाहेर काढतात.

बाकीच्यांनी आधी दोन-चार लॅपच्या शर्यती कराव्यात. दुसऱ्या आणि शेवटच्या लॅपमधला फरक थोड्या सेकंदांवर आला, की जवळची सगळ्यात छोटी मॅरेथॉन घ्या आणि पहिल्या चढावर लोकांना खुशाल पुढे जाऊ द्या.