सेकंडहँड ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर आणि काचेचे मणी: पावसाळ्यानंतरचा अनुभव

काच वितळवून मणी करायचा छोटा टॉर्च (गॅस आणि ऑक्सिजनवर चालणारा बर्नर), इटालियन मऊ काच (सीओई, म्हणजे तापल्यावर प्रसरण पावण्याचा आकडा, १०४) आणि कोविडनंतर सेकंडहँड बाजारात आलेला, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला ५ लिटर देणारा मेडिकल कॉन्सन्ट्रेटर हा संच उन्हाळ्यात वापराल तर खूश व्हाल. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायचा खर्च आणि हमाली दोन्ही वाचतात. १०-१२ मिलिमीटरचे मणी आरामात होतात.

पावसाळ्यात मात्र फिरोजी रंग हातचा जातो. गॅसचा नॉब मे महिन्यात होता तिथेच, काचेची सळी तीच, तरी मण्यावर विटकरी चट्टे येतात. फिरोजी रंग तांब्यामुळे येतो. ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की पृष्ठभागावरचं तांबं लाल पडतं. ऑक्सिजन कमी पडतो तो मशीनच्या आत. मशीनमधला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे खनिजाचे दाणे) ओलावाही शोषतो, आणि ओलावा सहजासहजी सोडत नाही. मग ९३ टक्क्यांच्या आसपास असलेली ऑक्सिजनची शुद्धता हळूहळू घसरते.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: हिरवा दिवा लागतोय म्हणजे मशीन ठीक आहे. हे मला अजिबात मान्य नाही. बहुतेक मशीनमध्ये शुद्धता ८२-८५ टक्क्यांखाली गेल्यावरच दिवा बदलतो. काचेचा रंग त्याच्या बराच आधी बिघडतो. म्हणून विकत घेताना ऑक्सिजन अ‍ॅनालायझर (शुद्धता मोजणारं उपकरण) लावून, पूर्ण ५ लिटरच्या प्रवाहावर, मशीन १०-१५ मिनिटं चालल्यावर आकडा बघा. विक्रेता नाही म्हणाला तर व्यवहार सोडून द्या.

घरी रोजची तपासणी फिरोजी सळीनेच करा. टोकाचा वाटाण्याएवढा गोळा ज्योतीच्या निळ्या शंकूंपासून ३-४ सेंटिमीटर पुढे तापवा आणि बाहेर काढून गार होऊ द्या. स्वच्छ फिरोजी राहिला तर कामाला लागा. लाल झाक आली तर आधी गॅस कमी करा, ऑक्सिजन वाढवू नका: ५ लिटरच्या पुढे ओढलं की शुद्धता आणखी पडते. आलेले चट्टे गॅस कमी करून ऑक्सिजन जास्त ठरलेल्या ज्योतीत पुन्हा तापवले की बरेचसे जातात.

ओलावा आत जायची एक वाट आपणच उघडतो. बाहेरचा स्पंज फिल्टर धुऊन दमट असतानाच परत बसवला जातो. पावसाळ्यात तो वाळायला दिवस लागतो, म्हणून जोडीला दुसरा ठेवाच. मशीन महिनाभर बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा.

सोन्यामुळे लाल रंग येणाऱ्या काचेबद्दल मत बदललं. आधी तिचा दोषही ऑक्सिजनवर ढकलत होतो. पण ती यकृतासारखी तपकिरी होते ती मुख्यतः जास्त तापवल्याने. लाली विझेपर्यंत गार करून ज्योतीच्या लांबच्या टोकाला हळू तापवली की रंग नीट उठतो, कॉन्सन्ट्रेटर हाच असला तरी.

बोरोसिलिकेटसाठी (जास्त तापमानाला वितळणारी कडक काच) हे एक मशीन घेऊ नका. ७ मिलिमीटरची सळी वितळते, पण इतकी सावकाश की वीज आणि गॅस दोन्ही फुकट जातात. दोन मशीन वाय-जोडणीने जोडली तर जमतं.

शेगडीचा रेग्युलेटर या टॉर्चला पुरत नाही, दाब फार कमी. बदलता येणाऱ्या दाबाचा घ्या. घरगुती सिलिंडर या कामाला चालत नाही, व्यावसायिक लागतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत हवा जायला वाट हवीच.