कृतज्ञतेची छापील रोजनिशी: घ्यावी ती साप्ताहिक पानांसाठी

बडोद्याच्या रावपुऱ्यातील एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेली ही रोजनिशी मी गेला पावसाळाभर नियमाने वापरली. कागद जाड आहे, शाई मागच्या पानावर उमटत नाही आणि शिवण पक्की असल्याने वही उघडली की सपाट राहते. साडेतीनशे रुपयांत अशी बांधणी सहसा मिळत नाही. मथळे मात्र केवळ गुजराती व इंग्रजीत आहेत, हे मराठी घरांच्या बडोद्यात खटकते.

खरी उणीव आखणीत आहे. रोजच्या पानावर ‘आजच्या तीन चांगल्या गोष्टी’ एवढ्यासाठी फक्त तीन ओळी आहेत. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही आठवडाभर रोज रात्री अशा तीन गोष्टी लिहायच्या होत्या, पण त्यांत प्रत्येक गोष्ट का घडली हेही नोंदवायचे होते, आणि नेमकी तीच जागा येथे गाळली आहे. कारण लिहिले नाही, तर ‘चहा, पाऊस, मुलांची तब्येत’ अशी यादी तयार होते आणि लवकरच ती काही न आठवता लिहिली जाऊ लागते. मी समासात कारणे लिहू लागले, तेव्हा नळाच्या पाण्यापाठोपाठ सयाजीराव महाराजांच्या काळातील आजवा तलाव आठवला आणि पहाटे पाणी सोडणारा, मी कधीही न पाहिलेला कर्मचारीही. माझी पणजी पोथी स्वतः वाचत असे, याचे श्रेय १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर लागू झालेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला आहे, हे मी ऐकून होते. तिच्या त्या वाचनामुळेच आमच्या घरात पुस्तके आली आणि मला लहानपणीच सेंट्रल लायब्ररीची वाट सापडली, हा धागा मात्र लिहिताना प्रथमच दिसला. कृतज्ञता म्हणजे कोणाचे तरी ऋण ओळखणे, असे मी मानते, म्हणून ‘कोणामुळे’ हा रकाना मला अत्यावश्यक वाटतो.

दर रविवारचे पत्राचे पान हे या रोजनिशीचे सर्वांत मोलाचे अंग आहे. ज्यांचे आभार राहून गेले, त्यांना पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यावे, अशी सूचना तेथे आहे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातही हा उपक्रम होता. सासूबाईंच्या आजारपणात रात्र रात्र जागलेल्या वन्संना मी असे पत्र दिले. त्यांनी ते माझ्यासमोरच वाचले, आणि त्या दिवसांविषयी आम्ही प्रथमच मोकळेपणाने बोललो.

तारखा आधीच छापलेल्या असल्याने खाडा झालेले दिवस उगाच डोळ्यांत भरतात. त्या कोऱ्या ठेवल्या असत्या तर बरे झाले असते. पुढील आवृत्तीत तीन गोष्टींऐवजी एकच गोष्ट आणि तिच्या कारणासाठी पाच-सहा ओळी दिल्या, तर मी ही वही दिवाळीत माहेरच्या सगळ्यांना भेट देईन.