गोळ्यांचा आठवड्याचा डबा : शोकाच्या काळातील वापरानंतरचा अभिप्राय

सात दिवसांच्या सात सुट्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र असे चार खण, अशा 28 खणांच्या डब्याबद्दल हा अभिप्राय आहे. विसरभोळ्या वृद्धांची सोय म्हणून हा डबा विकला जातो. मी मात्र ज्यांना दीर्घ आजार आहे आणि ज्यांचे जिवाभावाचे माणूस नुकतेच गेले आहे, अशांसाठी लिहीत आहे. त्यांना या डब्याचा उपयोग निराळा होतो, आणि त्यातील उणिवाही त्यांनाच अधिक बाधतात.

मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आणि उच्च रक्तदाब आहे. माझ्या औषधांच्या वेळा माझे पती सांभाळत असत. ते गेल्यावर औषधांची ती आठवणही घरातून गेली. शोकात मन इतके विखुरते की पाण्याचा पेला हातात असूनही गोळी गिळली की नाही, हे थोड्या वेळाने सांगता येत नाही. मग एक तर गोळी चुकते, नाही तर दोनदा घेतली जाते. हे दोन्ही टाळण्याची गरज याच काळात सर्वाधिक असते. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या 24 तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे 21 पट असल्याचे अमेरिकेतील संशोधकांना 2012 मध्ये आढळले. पुढे तो धोका उतरत गेला, तरी महिनाभर नेहमीपेक्षा जास्तच राहिला. रक्तदाबाची गोळी दुःखापायी राहून गेली तर चालेल, असे म्हणण्याची सोय म्हणूनच नाही.

डब्याचा मोठा गुण असा की खण रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे आणि भरलेला असेल तर राहिलेली आहे. याविषयी स्वतःशी झगडावे लागत नाही आणि कोणाला विचारावेही लागत नाही. फोनचा गजर फक्त वेळ झाल्याचे सांगतो. तो बंद केल्यानंतर आपण काय केले, याची नोंद त्याच्याकडे नसते.

खरी कसोटी डबा भरण्याची आहे, कारण तेव्हा झालेली चूक आठवडाभर चालू राहते. मन त्यातल्या त्यात शांत असेल अशी वेळ निवडावी, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद समोर ठेवावा आणि शक्य असल्यास दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून एकेक खण तपासून घ्यावा. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांतील रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजाचे, काम मंदावून जीवही जाऊ शकतो. अठ्ठावीसही खण भरण्याच्या ओघात ही चूक सहज होऊ शकते, म्हणून मी ती गोळी सर्वांत आधी तिच्या ठरलेल्या वारी ठेवते आणि तिचे पाकीट लगेच दूर ठेवून मगच बाकीची औषधे हाती घेते. काही औषधे तर मूळ वेष्टनातून काढून अशा डब्यात ठेवूच नयेत. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी आणि रक्त पातळ करणारे डॅबिगॅट्रन ही त्यांतली दोन. आपल्या औषधांबाबत औषध विक्रेत्याला आधी विचारलेले बरे. मी घेतलेल्या डब्यावर याविषयी एक ओळही छापलेली नव्हती, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

झाकणांचे खटके फार घट्ट आहेत. या संधिवातात सकाळी बोटे बराच वेळ आखडलेली असतात आणि पहिली गोळी नेमकी तेव्हाच घ्यायची असते. वारांची अक्षरे वापराने पुसट होतात. शोकात आज कोणता वार आहे हेच सुचत नसते, तेव्हा ही गोष्ट किरकोळ राहत नाही. घरात लहान मुले असतील तर डबा उंचावर ठेवावा, कारण झाकणे आखडलेल्या बोटांना जड गेली तरी मुलांना ती उघडता येतात.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये असे मांडले की शोक करणारे माणूस गेलेल्याच्या आठवणी आणि पुढच्या जगण्याची कामे यांच्यामध्ये सतत ये-जा करत असते, आणि ही ये-जा निरोगीच आहे. खण भरता भरता रडू आले म्हणून काही बिघडत नाही, हे मला त्यातून उमगले. काही दिवस गोळ्या घेण्यापलीकडे काहीच हातून होत नाही, आणि दीर्घ आजार असलेल्या माणसाने तेवढे करणेही थोडे नाही. पण डबा मनाचा भार हलका करत नाही. झोप आणि भूक बदलली असेल तर मृत्यूची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, आणि त्यांना विचारल्याशिवाय मात्रा कमीजास्त करू नये. सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता जगणे अशक्य करत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.

दिवसातून एकच गोळी असेल तर एवढा मोठा डबा नको. अनेक औषधे वेगवेगळ्या वेळी घेणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र घेताना खटका स्वतःच्या बोटांनी उघडून पाहावा आणि वारांची नावे नुसती छापलेली नसून उठावाची आहेत, याची खात्री करून घ्यावी.