आर्टुरिया कीस्टेप : दिवाळी ते जून, जुना एमएस-२० आणि नवा मदर-३२ एकत्र वाजवताना

वडशाकडच्या एका झाडीपट्टी नाटक मंडळात मी कीबोर्ड वाजवतो. जवळ दोन सिंथ (विजेवर आवाज घडवणारी वाद्यं) आहेत, १९७८ साली आलेला कॉर्ग एमएस-२० आणि २०१५ चा मूग मदर-३२. दोन्ही एकाच पट्ट्यांवरून वाजावेत म्हणून दिवाळीत कीस्टेप घेतला, म्हणजे दुसरे सिंथ वाजवायचा छोटा कीबोर्ड.

पहिल्याच तालमीत सूर हरवला. कुठला स्वर वाजवायचा ते सिंथला तारेतून येणाऱ्या व्होल्टेजवरून कळतं. मदर-३२ ला प्रत्येक सप्तकासाठी १ व्होल्ट वाढवून लागतो. एमएस-२० मध्ये व्होल्टेज दुप्पट झालं की सप्तक चढतं : १, २, ४, ८. मी कीस्टेप नव्या, मदर-३२ च्या पद्धतीवरच ठेवला होता. १ व्होल्टला मंद्र सा, २ ला मध्य सा, इथवर बरोबर. ३ व्होल्टला तार सा यायला हवा, तर आला पंचम! ऑर्गनवाले काका म्हणाले, "बाबू, सा कुठी ठेवून आला?"

दुसरी अडचण ट्रिगरची, म्हणजे स्वर सुरू करणाऱ्या इशाऱ्याची. एमएस-२० ची ट्रिगरची तार ग्राउंडला टेकली की स्वर सुरू होतो, यालाच एस-ट्रिग म्हणतात. माझ्या कीस्टेपचा गेट (त्याचा हाच इशारा) मात्र पट्टी दाबल्यावर शून्यावरून ५ व्होल्टवर जात होता. म्हणून हात उचलला की सिंथ गायचा, दाबला की गप्प. आर्टुरियाच्या मिडी कंट्रोल सेंटर या सॉफ्टवेअरमध्ये हर्ट्झ-व्होल्ट (ही दुप्पटीची पद्धत) आणि एस-ट्रिग निवडलं, दोन्ही प्रश्न मिटले. पिच सीव्ही, म्हणजे स्वर सांगणाऱ्या व्होल्टेजची तार, कीस्टेपमधून एकच बाहेर येते, ती एमएस-२० ला दिली. मदर-३२ मिडी केबलवर, तिच्यातून स्वर आकड्यांत जातात. एमएस-२० चे जॅक मोठे आहेत, ३.५ मिमीवरून ६.३५ मिमीची मोनो केबल लागते.

खर्जाने सगळ्यात जास्त दिवस घेतले. १० मिलिव्होल्टची चूक नव्या पद्धतीत कुठेही १२ सेंट असते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). जुन्या पद्धतीत तीच चूक ८ व्होल्टला जेमतेम २ सेंट, पण १ व्होल्टला १७! खालच्या पट्ट्या बेसूर का, ते तेव्हा कळलं. आता मी खर्जासाठी खालच्या पट्ट्यांकडे जातच नाही. वरच्या सप्तकात वाजवतो आणि एमएस-२० चं स्केल, म्हणजे सप्तक बदलायचं बटण, खालच्या १६ वर ठेवतो. व्होल्टेज जास्त, आवाज खालचा, सूर पक्का. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते, म्हणून एवढं लिहून राहिलो.

थंडीत उघड्या मंडपात मध्यरात्रीनंतर एमएस-२० चा सूर सरकतो. प्रयोगाआधी अर्धा तास चालू ठेवतो, मध्यंतरात काकांच्या ऑर्गनवरच्या काळी दोनशी परत मिळवून घेतो. शेवटच्या निरोपाच्या प्रवेशात दोन्ही सिंथ खर्जात एकत्र धरतो तेव्हा काका आता मागे वळून पाहत नाहीत.